साखर पंचेचाळीस रुपये किलो

काटेरी हलवा मी करतो. माझी बायको करत नाही. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. संध्याकाळी ती घरी येते तेव्हा माझी परात धुऊन, पुसून उपडी घातलेली असते. तरीही डिसेंबर लागला की फोन येतात ते असे : "वहिनी आहेत का? हलव्याचं विचारायचं होतं." हलव्याचं माझ्याशीच बोला म्हटलं, तर उत्तर मिळतं, "नको, तुम्हाला नाही कळायचं. त्यांनाच द्या." माल घेऊन गेलेली माणसं चार दिवसांनी आवर्जून निरोप पाठवतात, "वहिनींना सांगा हां, काटा फार सुरेख आलाय."

यात अन्याय दोघांवर होतो. माझं काम दुसऱ्याच्या नावावर जातं, हा एक. आणि दिवसभर पोरांपुढे उभं राहून आलेल्या बाईच्या अंगावर लोक तिला न विचारता आणखी एक काम टाकतात, हा दुसरा. तिला याचा माझ्यापेक्षा जास्त राग येतो, आणि तो रास्त आहे.

साताऱ्यात हे घडावं याचं मला विशेष वाईट वाटतं. हे कंदी पेढ्याचं गाव. इथे खव्याच्या कढईपुढे पिढ्यान्‌पिढ्या पुरुष उभे आहेत. पेढ्याच्या दुकानात जाऊन "वहिनींना बोलवा" असं कुणी म्हणत नाही. दुकान असलं, पाटी असली, गल्ला असला की तो धंदा ठरतो. तोच गोड पदार्थ घरातल्या परातीत झाला की ते बाईमाणसाचं काम ठरतं, आणि बाईमाणसाच्या कामाला आपल्याकडे भाव द्यायची पद्धत नाही. माझ्या बाकीच्या सगळ्या तक्रारी याच एका समजुतीतून निघतात, म्हणून ती आधी सांगितली.

मी पूर्वी एका विमा कंपनीत क्लेमच्या टेबलावर होतो. नोकरी चांगली होती, पगार वेळेवर होता. आमच्या आत्याच्या हातचा हलवा घराण्यात नावाजलेला. ती थकली, आणि तिच्यामागे कुणाला तो येत नाही हे लक्षात आलं. सुट्ट्या टाकून तिच्याजवळ बसून शिकलो, हात बसला, मग राजीनामा दिला. यात लपवण्यासारखं काही नाही. पण नातेवाइकांना आजही वाटतं की ऑफिसात काहीतरी भानगड झाली असणार. लग्नकार्यात माझी ओळख करून देतात ती "हे आधी इन्शुरन्समध्ये होते" अशी, आणि तिथेच थांबतात. आता काय करतो, हे सांगायचं टाळतात. मीच सांगितलं की समोरचा माणूस क्षणभर माझ्याकडे बघतो आणि म्हणतो, "हां, म्हणजे वेळ चांगला जातो." परवा एका बँकेत फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात मी 'मिठाई उत्पादन' लिहिलं. खिडकीमागच्या मुलाने संगणकात 'निवृत्त' भरलं. बदला म्हटलं तर म्हणाला, "सर, रिटायर्डच राहू द्या, सोपं पडतं." सोपं त्याला पडत होतं. मी उभा राहून ते बदलून घेतलं.

"या वयात गोळ्या-बिस्किटं?" असंही विचारतात. ज्या पार्ल्याच्या बिस्किटावर हा देश चहा पितो, त्या कारखान्याची सुरुवात १९२९ साली विलेपार्ल्यात गोळ्यांनीच झाली. बिस्किट आलं १९३९ मध्ये. मालेगाव तालुक्यातल्या रावळगावला वालचंद हिराचंदांनी साखर कारखाना काढला आणि १९४२ पासून तिथे गोळ्या होऊ लागल्या. 'पान पसंद' तिथलीच. २०२४ मध्ये त्या गोळ्यांची नावं आणि कृती एका मोठ्या उद्योगसमूहाने २७ कोटी रुपयांना विकत घेतल्या. साखरेची गोळी हे पोरखेळाचं काम आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एवढं तरी माहीत करून घ्यावं.

आता हलवा कसा होतो ते सांगतो, कारण भाव ऐकून भुवया उंचावणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तो होताना पाहिलेला असतो. पांढरे तीळ निवडायचे, चाळायचे, मंद आचेवर कोरडे करून घ्यायचे. साखरेत पाणी घालून उकळी आणायची, चमचाभर दूध सोडायचं, मळी वर आली की काढून टाकायची आणि पाक कापडातून गाळायचा. पसरट परात अगदी बारीक आचेवर ठेवायची. तीत मूठ-दोन मुठी तीळ. त्यावर पाक सोडायचा तो लहान चमच्याने, एका वेळी एकच चमचा, आणि बोटांच्या टोकांनी दाणे फिरवत राहायचं. तो चमचा दाण्यांवर पुरता सुकला की पुढचा. घाईने दोन चमचे एकदम टाकले की दाणे एकमेकांना धरतात. आच वाढली की साखर पिवळी पडते. परातीच्या तळाला साखरेची भुकटी साठते. ती मधून मधून चाळून काढली नाही, तर काट्यांच्या फटी भरून दाणा गुळगुळीत होतो.

पहिल्या दिवशी नुसता पांढरा थर बसतो. रात्री मलमलच्या फडक्यात बांधून ठेवायचं, सकाळी पुन्हा परात. काटा दिसू लागतो तो त्यानंतर. दाण्यावर जिथे कणभर उंचवटा आलेला असतो, तिथे पुढचा पाक आधी लागतो आणि आधी सुकतो, म्हणून तो उंचवटा आणखी वाढतो आणि त्याचं टोक होतं. बोट दाबून फिरवलं तर टोक मोडतं. म्हणून हात हलका ठेवायचा, पण थांबवायचा नाही. असे तीन-चार दिवस जातात तेव्हा एक घाणा उतरतो. हवा थंड आणि कोरडी लागते. ढग आले की काम बंद. साताऱ्यात नोव्हेंबरअखेर ते जानेवारी एवढेच दिवस हाती असतात. बोटांची टोकं आधी लाल होतात, मग कातडी जाड होऊन गुळगुळीत होते. डिसेंबरात मोबाइलच्या दुकानात सिमकार्डासाठी अंगठा ठेवला तर यंत्र ठसा घेत नाही. दुकानदार म्हणतो, काका, अंगठा पुसून ठेवा. पुसून काही होत नाही.

हे सगळं झाल्यावर गिऱ्हाईक येतं, बरणीकडे बघतं आणि विचारतं, "कसा दिला?" शंभर ग्रॅमला दीडशे रुपये, मी सांगतो. मग ते वाक्य येतं. शब्द जवळपास ठरलेले आहेत : "अहो, साखर पंचेचाळीस रुपये किलो आहे."

साखरेचा भाव मला माहीत आहे. ती मी पोत्याने आणतो. पण सोनाराकडे, शिंप्याकडे, अगदी इडलीच्या गाडीवरही आपण कच्च्या मालाचा भाव सांगून उरलेली रक्कम खोडून टाकत नाही. तांदूळ आणि उडीद डाळीचा भाव लावून कुणी इडलीवाल्याशी हुज्जत घालत नाही. माझ्या परातीपुढे मात्र ग्राहकाला साखर दिसते, तीळ दिसतात, गॅसही दिसतो. तीन-चार दिवस फिरलेली बोटं हिशेबात धरलीच जात नाहीत.

कारखान्यातला हलवा माझ्यापेक्षा कितीतरी स्वस्त मिळतो, हे खरं आहे. तिथे तापलेली मोठी भांडी यंत्रावर फिरतात, पाक वरून पडत राहतो, एका वेळी कितीतरी किलो माल निघतो. तो वाईट नाही. संक्रांतीला दारोदार तिळगूळ वाटायचा तर तोच घ्यावा, मी स्वतः लोकांना तसं सांगतो. त्याचा काटा आखूड असतो आणि दाणा आतून घट्ट असतो, एवढाच फरक, आणि तो दाताखाली लगेच कळतो. ज्याला तो फरक नको आहे त्याने माझ्याकडे येऊच नये. पण लोक फरक बघून, चाखून, वाखाणून मग कारखान्याचा भाव माझ्या तोंडावर मारतात, याला माझी हरकत आहे.

दुसरं वाक्य याहून दुखतं. "आमची आई घरीच करायची की!" करायची, यात शंका नाही. माझी आत्याही करायची. पहाटे उठून, घरचा स्वयंपाक उरकून, मुलं शाळेत गेली की शेगडीपुढे बसायची. लेकीसुनांची पहिली संक्रांत, नातवंडांची बोरन्हाणं, शेजारणींची अडलेली कामं, सगळ्यांना तिने हलवा पुरवला. तिला त्याचे कुणी पैसे दिले नाहीत आणि तिने मागितलेही नाहीत. लोक म्हणतात आई घरी करायची, तेव्हा त्यांना म्हणायचं असतं की हे फुकट मिळायचं. फुकट मिळत नव्हतं. एका बाईचे दिवस जात होते, ते कुणी मोजले नाहीत इतकंच. तो न मोजलेला हिशेब दर म्हणून आज माझ्यापुढे ठेवला जातो. तो मी मान्य करणार नाही. मी भाव उतरवला तर आत्याच्या मेहनतीची किंमत शून्य होती असं मीच कबूल केल्यासारखं होईल.

जपानात अशीच काटे असलेली साखरेची गोळी आहे, कोंपेइतो नावाची. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी साखरगोळी तिकडे नेली. लुईस फ्रॉइस या जेझुइट पाद्र्याने १५६९ मध्ये ओदा नोबुनागाला ती काचेच्या भांड्यातून भेट दिली होती. कृती आपल्यासारखीच : लहानसा दाणा, तापलेलं भांडं, थोडाथोडा पाक, आणि वाट बघणं. क्योटोत १८४७ पासून फक्त ही गोळी करणारं एक दुकान आहे. तिथे एक घाणा उतरायला दोन आठवड्यांहून जास्त दिवस लागतात. राजघराण्याच्या समारंभात पाहुण्यांना चांदीच्या इवल्याशा डबीतून ही गोळी देण्याची प्रथा आहे. तेरादा तोराहिको नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने तिला काटे का फुटतात यावर विचार करून लिहिलं आहे. आपला काटेरी हलवाही त्याच तोलाचा आहे. तो करणाऱ्यांशी आपण पंचेचाळीस रुपयांवरून वाद घालतो.

बरणीत हात घालणं हे वेगळं प्रकरण आहे. टेबलावर मी वाटी आणि चमचा ठेवलेला असतो. चव बघायला दहा-बारा दाणे मी आनंदाने देतो, ते माझं कामच आहे. पण माणसं बोलता बोलता झाकण काढतात आणि सरळ मूठ भरतात. हाताला घाम असतो, कधी नुकताच हात धुतलेला असतो. ओल लागली की वरच्या थराचे काटे तासाभरात बसतात आणि दाणे चिकटतात. तेवढा माल विकण्याजोगा राहत नाही. "दादा, चव तर बघू द्या की!" असं हसत म्हणतात, म्हणून चारचौघांत काही बोलताही येत नाही. मी चमचा पुढे केला तर वाईट दिसतं असं घरच्यांचं म्हणणं आहे. मला तसं वाटत नाही. मी चमचा पुढे करतो.

दागिन्यांचं तर विचारू नका. नवी सून, पहिल्या संक्रांतीचा जावई, बोरन्हाणाचं बाळ, या तिघांसाठी हलव्याचे दागिने लागतात. हार, मुकुट, बाजूबंद, तोडे, नथ, बाळाला बासरी. साबुदाण्यावर केलेला टपोरा हलवा हाराला, खसखशीवरचा बारीक नथीला. माझ्याकडे ते जुन्या पद्धतीने होतात, म्हणजे दोऱ्याच्या गाठीत एकेक दाणा अडकवून. डिंकाने चिकटवलेले दागिने लवकर होतात, पण हळदीकुंकू आटोपल्यावर मुलांनी ते खायचे असतात, म्हणून मी चिकटवत नाही. आणि हे दागिने लोकांना भाड्याने हवे असतात. "एकाच दिवसाचं काम आहे, फोटो झाले की परत आणून देतो." भाड्याने देणारी दुकानं आहेत, तिथे जावं. एका कुटुंबाने पूर्ण संच नेला, समारंभ केला आणि तिसऱ्या दिवशी डबा परत आणला. हाराच्या दोऱ्याला पावडरीचा वास होता, नथीतले दोन दाणे खाल्लेले होते. म्हणे, सुनेला मुकुट मोठा झाला, पैसे परत द्या. खाण्याची वस्तू अंगावर घालून झाल्यावर परत घेता येत नाही, हे मी समजावत होतो आणि ते माझ्याकडे असे बघत होते की जणू फसवणूक मीच केली.

रंगाची मागणी दरवर्षी वाढते आहे. साडीवर उठून दिसायला गडद गुलाबी हवा, बाळाच्या कपड्यांना निळा हवा. माझा हलवा पांढरा असतो आणि केशराचा थोडासा पिवळसर. कायद्याने खाद्यपदार्थात ठरावीक आठच कृत्रिम रंग चालतात आणि तेही किलोला १०० मिलिग्रॅमच्या आत. लोकांना फोटोत जो गडदपणा हवा असतो तो एवढ्यात येत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये तमिळनाडू सरकारने म्हातारीच्या केसांवर बंदी घातली, कारण त्यात रोडामाइन-बी हा कापड रंगवायचा रंग सापडला होता. हे मी सांगतो तेव्हा आया माझ्याकडे संशयाने बघतात, जणू मला रंग जमत नाही म्हणून मी पेपरातल्या बातम्या सांगतो आहे. वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंगावर जे घालायचं, जे ते पहिल्यांदा तोंडात घालणार, त्यात मी गडद रंग टाकणार नाही.

परवाने-कागदपत्रांबद्दल लोक समजतात तेवढी माझी तक्रार नाही. अन्नसुरक्षेची लहान उद्योगाची नोंदणी वर्षाला १०० रुपयांत झाली, १४ अंकी क्रमांक मिळाला. पाकिटावर घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, पत्ता आणि शाकाहाराचा हिरवा ठिपका हे सगळं छापावं लागतं, ते मी छापतो, आणि ते छापायलाच हवं. तक्रार आहे ती या शंभर रुपयांच्या कामाला काही हजार मागणाऱ्या एजंटांबद्दल. आणि त्या गिऱ्हाइकांबद्दलही, जी पाकीट उलटून बघतात आणि म्हणतात, "छापील आहे म्हणजे घरगुती नाही." तारीख छापली तर कारखान्याचं वाटतं, नाही छापली तर भरवसा नाही. पाकिटामागे मी माझं नाव घालतो ते मोठ्या अक्षरात.

उशिरा येणाऱ्या मागणीवर मात्र मी थोडा जास्त बोलणार आहे. संक्रांत १४ जानेवारीला येते, एखाद्या वर्षी १५ ला. ती अचानक येत नाही. सुनेची पहिली संक्रांत आहे हे घरात लग्नाच्या दिवसापासून माहीत असतं. हॉल ठरतो, काळी साडी घेतली जाते, छायाचित्रकाराला आगाऊ रक्कम जाते, आणि १२ तारखेला रात्री मला फोन येतो : "तेवढा हलवा आणि दागिने उद्या संध्याकाळपर्यंत द्याच." एक घाणा तीन-चार दिवसांचा आहे म्हटलं की म्हणतात, "थोडा गॅस मोठा करा." पुण्या-मुंबईचे लोक म्हणतात, कुरिअरने टाका. टाकलेला आहे. एका कुरिअरवाल्याकडून डबा पोचला तेव्हा आत काटे वेगळे आणि दाणे वेगळे झालेले होते. शिवाय मुंबईच्या दमट हवेत डबा उघडा राहिला की काटा एका रात्रीत बसतो, ते सांगूनही डबे उघडे राहतात, आणि मग मला फोटो येतो. आता मी पुण्यापर्यंत ओळखीच्या माणसाबरोबर पाठवतो, मुंबईला गिऱ्हाइकानेच यावं असा आग्रह धरतो. याला लोक माजोरीपणा म्हणतात.

फेब्रुवारीनंतर मी आलेपाकाच्या वड्या करतो, त्यांचं गिऱ्हाईक शांत आहे. खोकला झालेला माणूस घासाघीस करत नाही.

पुढच्या संक्रांतीला ज्यांना हलवा हवा आहे त्यांनी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सांगावं. दागिने हवे असतील तर डोक्याचं, मनगटाचं आणि दंडाचं माप सोबत द्यावं. निम्मी रक्कम आगाऊ लागते आणि नेलेला माल परत घेतला जात नाही. भाव जास्त वाटला तर सरळ नको म्हणावं, मला राग येत नाही, कारखान्याच्या चांगल्या हलव्याचं दुकान मी स्वतः दाखवीन. पण तुमच्या घरात आई, आजी, मावशी, कुणीही अजून हातानं हलवा करत असेल, तर या वर्षी तिच्याकडून तो विकत घ्या. शंभर ग्रॅमला दीडशे रुपये या दराने तिच्या हातात पैसे द्या. ती नको म्हणेल. तरी द्या.